गोळी का घ्यायची, तेही सांगा

एरंडोल तालुक्यातल्या एचआयव्हीच्या रुग्णांशी बोलणं हे माझं रोजचं काम. 'गोळी रोज घ्या, चुकवू नका' एवढं त्यांना सगळेच सांगतात. का, ते कुणी सांगत नाही. त्यांना कळणार नाही, असं आपणच ठरवून टाकलंय. मला ते मुळीच मान्य नाही.

सुरतेला मजुरीला जाणाऱ्या एका भाऊंनी तब्येत सुधारली म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. मी कागदावर काढून दाखवलं. हा विषाणू आपल्या पेशीत शिरतो तो आरएनए घेऊन. सोबत त्याचं एक विकर असतं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. ते आरएनए वाचत, एकेक घटक जोडत डीएनए तयार करतं. हा डीएनए पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो. एकदा बसला की आपली कुठलीच गोळी त्याला बाहेर काढू शकत नाही.

रोज घ्यायच्या टीएलडी गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन या विकराला फसवतात. खरे घटक समजून ते त्यांनाच जोडून घेतं. पण मागे हूक नसलेल्या ट्रॉलीला पुढची ट्रॉली लावणार कशी? साखळी तिथेच थांबते. तिसरं औषध, डोल्युटेग्राविर, तयार झालेला डीएनए पेशीच्या डीएनएत बसू देत नाही.

शिवाय हे विकर नक्कल करताना चुका फार करतं आणि त्या तपासत नाही. गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि अशा चुकांतूनच औषधाला दाद न देणारा निपजतो.

भाऊ कागदाकडे बघत अहिराणीत म्हणाले, "म्हंजे तो गया नही, दपी बठेल शे." गेला नाही, दडून बसलाय. यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर शोधलं. भारतातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण 1986 मध्ये चेन्नईत सापडले, ते डॉ. सुनीती सोलोमन यांच्या कामातून. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं रोज एक डॉलरहून कमी खर्चात देऊ केलेली तेव्हाची तिन्ही औषधं याच विकरावर काम करणारी होती. 2004 पासून सरकार उपचार मोफत देतंय. इतकं सगळं झालं, आणि दहा मिनिटं बसून समजावणं तेवढं राहून गेलं.

पहिल्याच भेटीत हे चित्र काढावं, अहिराणीत बोलावं. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांना पुरेशा गोळ्या हातात देऊनच पाठवावं. आणि गोळ्या नियमित घेऊन तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तो तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही त्याच कागदावर लिहून द्यावं.