कोशातील ज्ञान पारावर कधी येणार?

नांदेड वा लातूर जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या पारावर सकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आज मोबाईल असतो. रात्रीतून त्यावर येऊन पडलेला मजकूर हाच त्या दिवसाच्या चर्चेचा विषय होतो. अमुक पाल्याच्या रसाने मधुमेह समूळ जातो, तमुक बादशहाच्या काळी तमुक धर्माच्या लोकांनी असे असे केले, परदेशी शास्त्रज्ञांनी आपल्या पोथ्यांतील विद्या पळविली. या मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव नसते, आधार नसतो, तारीखही नसते. तरी तो पुढे धाडला जातो आणि दिवस मावळेपर्यंत गावाचे सत्य होऊन बसतो. त्याच मोबाईलवर मराठी विश्वकोश विनामूल्य उघडता येतो, केतकरांचा ज्ञानकोश उघडता येतो आणि लोकांनीच लिहिलेला विकिपीडिया हा मुक्त कोशही उघडता येतो. ती दारे मात्र फारसे कोणी ठोठावत नाही. पुरोगामी चळवळीचे कार्यकर्तेही नाहीत, हे अधिक खेदाचे आहे. अफवेला उत्तर म्हणून ते बहुधा दुसरी घोषणा पाठवितात. कोशातील नोंद पाठवीत नाहीत.

कोश म्हणजे विद्वानांच्या कपाटातील शोभेची वस्तू हा समज मराठीत मुळीच शोभत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले, ते एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयाला गेले नाहीत. त्यांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार जमविले आणि १९२० पासूनच्या दशकात तेवीस खंड उभे केले. व्यापारी मंडळीच्या रीतीने ज्ञान विकावयास निघालेला हा माणूस व्यवहारात खस्ता खाऊन १९३७ साली गेला. परंतु मराठी मध्यमवर्ग कोशासाठी खिशात हात घालू शकतो हे त्याने सिद्ध केले. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि साहित्य संस्कृती मंडळाच्या अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले. वाईसारख्या लहान गावात विश्वकोशाचे कार्यालय थाटले गेले. १९७३ मध्ये परिभाषेचा खंड निघाला, १९७६ मध्ये पहिला खंड आणि विसाव्या खंडाची पूर्तता व्हावयास २०१५ साल उजाडले. या कामाचा खर्च सर्वसामान्य करदात्याने सोसला आहे. त्यात किनवटच्या तेंदूपत्ता मजुराने मीठ-तेलावर भरलेला करही आला. ज्याच्या पैशातून वस्तू उभी राहिली, त्याला ती वस्तू आपली आहे याचा पत्ता नसावा, ही खरी अडचण आहे.

मराठवाड्यात या अडचणीला जुना इतिहास आहे. निजामी राज्यात शाळा उघडावयाची तर परवानगी, सभा भरवावयाची तर परवानगी, अशी स्थिती होती; ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे शब्द उच्चारताच जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. येथे एक गोष्ट मात्र निखळपणे मान्य करावयास हवी. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून एका भारतीय भाषेचा, उर्दूचा, अंगीकार केला. त्याच्या भाषांतर विभागाने रसायन, गणित, वैद्यक, कायदा यांवरील ग्रंथ उर्दूत आणले. इंग्रजीवाचून शास्त्र शिकविता येत नाही असे मुंबई-पुण्याचे पंडित सांगत असता हैदराबादेत ते घडून आले होते. दोष प्रयोगात नव्हता. नांदेड, उदगीर, औसा येथील कुणब्याच्या, विणकराच्या, मांगा-महाराच्या मुलाची भाषा ती नव्हती, दोष तेथे होता. राज्य आपल्या भाषेत ज्ञान आणते तेव्हा ते कोणाच्या भाषेत आणते, हा प्रश्न त्यामुळे मराठवाड्याला आधी कळला.

त्याच भूमीतून नरहर कुरुंदकर पुढे आले. इंटरच्या परीक्षेत पुनःपुन्हा अनुत्तीर्ण होणारा, हैदराबादेत मामा प्राध्यापक ना. गो. नांदापूरकर यांच्या छायेत ग्रंथांत बुडालेला हा तरुण नांदेडला शाळामास्तर झाला आणि पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, हैदराबादचा मुक्तिसंग्राम, मुस्लिम राजकारण, संगीत, मराठी कविता यांपैकी कोणताही विषय त्यांना परका नव्हता. त्यांचे पांडित्य मोठे होतेच. पण त्याहून मोठी होती ती वाटण्याची हौस. सेवादलाच्या शिबिरात, खेड्यातील व्याख्यानात, घरी आलेल्या विद्यार्थ्यापुढे त्यांनी ते मोकळ्या हाताने वाटले. १९८२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. नांदेडमध्ये त्यांच्या नावाचा आदराने उच्चार होतो. त्यांचा हा रिवाज कितीजणांनी चालू ठेवला, हा प्रश्न मात्र आदराच्या भरात राहून जातो.

कुरुंदकरांना नापास करणारी परीक्षा आज लातूरमध्ये उद्योग होऊन बसली आहे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर दुमदुमते, वैद्यकीय प्रवेशासाठी परजिल्ह्यांतील मुले येथे खोल्या घेऊन राहतात. गरीब घरातील मुले त्यामुळे डॉक्टर झाली हे खरे आहे व ते तुच्छतेने उडवून लावणे अन्यायाचे होईल. परंतु चार पर्यायांतून एक निवडण्याच्या या शिक्षणात एका विषयावरून दुसऱ्या विषयाकडे वळण्याला मज्जाव असतो. कोशाचा तर धर्मच उलट. अकारविल्हे रचनेत नांदेडच्या वाटेवर नांगर लागतो आणि लातूरच्या वाटेवर लाख लागते. ती लाख म्हणजे पळस-बोरीच्या फांदीवरील एका क्षुद्र किड्याचा स्राव आहे हे वाचून वाचक थबकतो, लातूर विसरतो आणि दागिन्यांत भरल्या जाणाऱ्या लाखेचा विचार करू लागतो. परीक्षेच्या दृष्टीने हा वेळ फुकट गेला. माणूस जाणता होतो तो मात्र बव्हंशी अशा फुकट गेलेल्या वेळातच.

पोटाची भ्रांत असलेल्या शेतकऱ्याला हे चोचले कशाला, असा आक्षेप कार्यकर्त्यांकडूनच येतो. त्याला लातूरच्या मोंढ्यातच उत्तर आहे. जिल्ह्याचे मुख्य पीक आज सोयाबीन. सोयाबीनवरील नोंद वाचली तर कळते, की हे पीक मूळचे पूर्व आशियातील; त्याच्या दाण्यात तेल एक-पंचमांशाच्याही आतबाहेर आणि प्रथिने त्याच्या दुप्पट. म्हणजे दाणा गाळल्यावर उरणारी पेंड हाच मोठा वाटा, आणि ती जाते कोंबड्यांच्या खाद्यात. तेथून वाचक पेंडीच्या जागतिक बाजाराकडे जातो, ब्राझील-अर्जेंटिनाकडे जातो. तेलाचा धागा धरला तर पाम तेलाशी पोचतो, व तेथून इंडोनेशिया-मलेशियाच्या मळ्यांत. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो हे ध्यानात आले, की सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क वीस टक्के का झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते दहा टक्क्यांवर का उतरले, हा आपल्या घरचा प्रश्न होतो. आडत्याला शिव्या देऊन परतणारा शेतकरी आणि ही साखळी ओळखून दिल्लीकडे बोट दाखविणारा शेतकरी यांच्यात जे अंतर आहे, ते चार-पाच नोंदींच्या वाचनाचे आहे. त्या नोंदी मोर्चाच्या आदल्या रात्री वाचून दाखविण्यास कोणाची आडकाठी आहे?

किल्लारीचे उदाहरण याहून जड आहे. १९९२ साली त्या परिसराला लहानमोठे हादरे बसू लागले, जमिनीतून आवाज येऊ लागले. लोक घाबरले, विचारू लागले. दख्खनचे पठार म्हणजे पुरातन, स्थिर भूभाग, तेथे मोठे भय नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. कोयनेचा १९६७ चा भूकंप धरणाच्या खाती टाकून ती समजूत शाबूत ठेवली गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ती समजूत कोसळली व तिच्याखाली लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील आठ ते दहा हजार माणसे गाडली गेली. त्यांना मारले ते भूकंपाने नव्हे, घरांनी. ओबडधोबड दगड मातीत बसवून दोन पदरी रुंद भिंत घालावयाची, ते दोन पदर एकमेकांना सांधणारा आरपार दगड त्यात बहुधा नसावयाचा आणि वर दरवर्षी नवी माती चढवून माळवद जड करीत जावयाचे. ऊन व चोर यांच्यापासून राखणारे तेच घर हादऱ्यात थडगे झाले. कित्येक ठिकाणी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या.

भूकंपावरील सविस्तर नोंद असलेला विश्वकोशाचा खंड त्याआधीच छापून तयार होता. ती नोंद वाचली असती तर माणसे वाचली असती, असे म्हणणे हा आततायीपणा होईल. नवे घर बांधण्यास पैसा लागतो आणि पैसा नोंदीत नसतो. मात्र पहिल्या हादऱ्यांपासून शेवटच्या धक्क्यापर्यंत एक वर्ष गेले. त्या वर्षात गावात भविष्ये फिरली, नवस झाले, अधिकाऱ्यांची आश्वासने झाली. भूकंप म्हणजे काय, तो कोठेकोठे होतो, दगडमातीचे घर का पडते आणि भिंतीत आरपार दगड घालण्याला किती खर्च येतो, एवढे चार जणांत मोठ्याने वाचले गेले असते तर निदान प्रश्न योग्य माणसाला व योग्य शब्दांत विचारला गेला असता.

कोश हाती आला म्हणजे सत्य हाती आले, असेही नव्हे. केतकरांच्या खंडांत त्यांच्या काळाचे व त्यांच्या स्वतःचे आग्रह पानोपानी आहेत. विश्वकोशाचे प्रारंभीचे खंड १९८२ पूर्वीचे. त्यांतील उस्मानाबाद जिल्ह्याच्या पोटातच आजचा लातूर जिल्हा सामावलेला आहे, आणि दरम्यान उस्मानाबादचे धाराशिवही झाले. विकिपीडियावर तर जातीच्या व राजांच्या लेखांवरून हमरीतुमरी चालते. परंतु विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथ असतात. विकिपीडियावर कोणी कधी कोणता शब्द बदलला याचा इतिहास कोणालाही पाहता येतो. चूक कोणाची हे तेथे शोधता येते. पारावरच्या निनावी मजकुरात ते शोधता येत नाही, आणि तसे ते येऊ नये अशीच त्याच्या कर्त्यांची इच्छा असते. म्हणून नोंद नुसती पुढे ढकलण्याला फारसा अर्थ नाही. ती पाठविणाऱ्याने आधी वाचावी, आपल्या गावाचे एक वाक्य तिला जोडावे आणि शंका असेल तर तीही लिहावी. तालुक्याच्या ग्रंथालयात आठवड्यातून एका संध्याकाळी कोणत्याही विषयावरील एक नोंद वाचावी. विषय राजकीय असलाच पाहिजे असा हट्ट नको. मुंग्यांच्या वसाहतीवरील नोंद ऐकावयास येणारा मुलगा पुढच्या आठवड्यात किमान वेतनावरील नोंदीलाही येतो.

आणि या कामाची दुसरी बाजू तर जवळपास ओसाड आहे. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे. नांदेड-लातूरमधील खेड्यांची पाने त्यावर उघडून पाहावीत. अमुक तालुक्यातील एक गाव, एवढे एक वाक्य. त्याखाली लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी कोरी मथळ्यांची रांग. हवामानाचे कलम असलेच तर अनेक गावांना एकाच साच्यातून काढलेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूर शहराची तहान भागवावी लागली, त्याच्या आसपासच्या गावांचे पाणी कोठून येते, आड किती खोल गेले, बोअर किती फुटांवर कोरडा लागला, हे त्या पानांवर सहसा सापडत नाही. गावात ते शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

अडचण अशी की या कोशाला छापील संदर्भ लागतो. म्हाताऱ्याने सांगितले, हा आधार तेथे चालत नाही. मग ते आधी छापले पाहिजे. शाळेच्या स्मरणिकेत छापावे, जिल्ह्याच्या वृत्तपत्रात छापावे, साप्ताहिकाच्या या पानावरही छापावे. आणि मग त्या छापील ओळीचा हवाला देऊन कोशात न्यावे. मुक्तिसंग्रामात ज्या गावांनी भूमिगतांना भाकरी पोचविली, ज्या बायकांनी निरोप नेले, त्यांची नावे बहुतांश गावांच्या पानांवर नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला जी मुले पंधरा-सोळा वर्षांची होती, ती आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. कंधार, मुखेड, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांत त्यांतील काही अजून ओसरीवर बसलेली आढळतात, आणि कोणी वही घेऊन समोर बसले तर बोलतात.