चांदीची अट

शीळफाट्याच्या वाहतूककोंडीत बस अडकली होती आणि शेजारची मुले 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळावर तावातावाने भांडत होती. २०१४च्या नियमांत माणसाचा लांडगा होणाऱ्या वेअरवुल्फवर साध्या शस्त्राचा वार चालत नसे. शस्त्र चांदीचे किंवा मंतरलेले हवे. २०२५च्या राक्षसग्रंथातून ही अट गेली. आता कुठलीही तलवार चालते.

चांदी न मिळालेल्या योद्ध्याने हात चोळत बसायचे, ही तक्रार खोटी नाही. मंतरलेली तलवार हाती आली की अट नावापुरतीच उरे, हेही खरे. पण म्हणून अटच काढावी, हे आम्हांला मान्य नाही. हिरण्यकशिपूचा वर आठवा: घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. उंबरठा, तिन्हीसांजा आणि नरसिंह या वरातूनच आले. वर काढा, की उरतो एक बलदंड दैत्य आणि घाव मोजण्याचा हिशेब.

अभेद्यता हे खेळणाऱ्याला घातलेले कोडे असते. ते अवघड वाटले, तर गोष्टीत आधी एक सोनार आणावा, त्याच्याकडे चांदी ठेवावी. कोडे पुसू नये.