सापाचं घर शेतात, आपलं घर गावात



श्रावण लागला, नागपंचमी जवळ आली, की गावोगाव एक प्रश्न कानावर येतो. बांधावर सापडलेली धामण किंवा विहिरीतून काढलेला नाग घरी ठेवायचा झाला, तर कशात ठेवावा? बरणीत, पत्र्याच्या डब्यात की मडक्यात? विचारणारी बहुधा तरणी पोरं असतात. त्यांच्या मनात सापाचं कौतुकच असतं. म्हणून त्यांना रागावण्यापेक्षा नीट उत्तर द्यावं.

उत्तर असं, की कशातच ठेवू नये. साप आपल्या अंगात ऊब तयार करत नाही. ऊब हवी तर तो उन्हाला येतो, उन्हाचा ताप झाला की बिळात जातो. प्लास्टिकची बंद बरणी किंवा पत्र्याचा डबा उन्हात तापला, तर त्याला पळायला जागा नसते. तो आतच मरतो. तारेच्या जाळीच्या पेटीत तो तोंड घासून जखमी होतो. दूध हे तर त्याचं अन्नच नव्हे. तो उंदीर, बेडूक खातो. वाटीतलं दूध प्यालाच, तर तहानेपोटी.

परवाना घेऊन साप ठेवणारी माणसं आहेत. तामिळनाडूत चेन्नईजवळ इरुळ आदिवासींची सहकारी संस्था १९७८ साली निघाली. सर्पदंशावरची लस करण्यासाठी लागणारं विष ती पुरवते. तिथे साप मातीच्या मडक्यात ठेवतात, कारण माती गार राहते. मडक्यात वाळू आणि तोंडाला सुती कापड बांधलेलं, म्हणजे हवा खेळती राहते. आठवड्यातून एकदा विष काढतात आणि तीन-चार आठवड्यांनी साप रानात सोडतात. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या असूनही ते साप कायमचा ठेवत नाहीत, हे ध्यानात घ्या.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळाही तुम्हांला ठाऊक असेल. तिथे पंचमीआधी नाग धरून मडक्यांत ठेवायची आणि सणाला मिरवायची रीत होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली. २०२५ साली केंद्र सरकारने शिक्षणाच्या कारणासाठी मोजके नाग धरू दिले, मिरवणुकीसाठी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप धरणं, मारणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तर नाग, घोणस आणि आपली साधी धामणसुद्धा वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसली. पोराच्या हौसेपायी घराला कोर्टकचेरी नको.

आता आपल्या घराकडे वळू. साप घरात येतो तो उंदरामागे. लातूर-नांदेडकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशा भिंतींनी किती जीव घेतले, ते आपण विसरलो नाही. ज्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांच्या फटींत उंदीर राहतो आणि पाठोपाठ साप. म्हणून पुढची कामं पावसाळ्याआधी उरकावीत.

बिळं आणि फटी सिमेंट-वाळूने बुजवाव्यात. नुसता चिखल लावला तर उंदीर तो पुन्हा उकरतो. मोरीच्या तोंडाला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला बारीक जाळी ठोकावी, छिद्र पाव इंचापेक्षा मोठं नको. सरपण, गोवऱ्या आणि कडब्याची गंजी भिंतीला लावून रचू नये. शक्य तर खाली दगड ठेवून उंचावर रचावी. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावं. साप मावू नये असा पत्र्याचा डबा धान्याला मात्र चांगला!

रात्री जमिनीवर अंथरूण घालू नका. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश झोपेत कळतही नाही. आखाड्यावर राखणीला जाल तेव्हा बाज न्या, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. सोयाबीन काढताना पायात बूट हवेत. गंजीत हात घालण्याआधी काठीने हलवा. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

साप घरात दिसलाच, तर लेकरं-जनावरं दूर न्या, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाला किंवा त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. स्वतः धरायला जाऊ नका. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी, कडं, जोडवं काढा. तो अवयव हलू न देता १०८ ची गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. मंत्राऱ्याच्या दारात घालवलेला एक तासही जिवावर बेततो.

आणि ती बांधावरची धामण? तिला तिथेच राहू द्या. तुमच्या ज्वारी-हरभऱ्यावर ताव मारणारे उंदीर ती बिनपगारी वेचते. पंचमीला आपण नांगर धरत नाही, भुई खणत नाही, ते भुईतल्या जिवाला धक्का लागू नये म्हणूनच. तेवढी आठवण वर्षभर ठेवली, तरी नागोबाची पूजा पोचली म्हणायची.