रविवारची सायकल आणि मागे राहणारी माणसं

कोकणातल्या शहरांत अलीकडे रविवारी सकाळी एक नवं दृश्य दिसू लागलं आहे. फजरच्या नमाजनंतर मशिदीतून बाहेर पडलेली तीन-चार माणसं घराकडे न वळता सायकली काढतात. नाक्यावर त्यांना आणखी पाच-सहा जण येऊन मिळतात. त्यांत शाळामास्तर असतात, कापडदुकानदार असतो, बँकेतला कारकून असतो, रिक्षावाला असतो आणि आखातात वीस-बावीस वर्षं काढून परतलेला एखादा भाईही असतो. जात, धर्म, धंदा वेगवेगळा. खेळाडू म्हणावा असा यांत कुणीच नाही. शाळा सुटल्यानंतर बहुतेकांनी सायकलला हातही लावला नव्हता. गेल्या काही महिन्यांत अशा सायकलस्वारांशी बरंच बोलणं झालं. त्यांच्या अनुभवांतलं जे आपल्या घरांत उपयोगी पडेल, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो.

रत्नागिरीकरांचा आवडता रस्ता म्हणजे शिरगाव, साखरतर, बसणी करत आरे-वारे आणि तिथून नेवऱ्यावरून गणपतीपुळे. एका बाजूचं अंतर साधारण २५ किलोमीटर. खाडीवरच्या पुलावर वारा अडवतो, पुढे चढ-उतार सुरू होतात आणि आरे-वारेचा चढ संपला की खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. दुकानदार म्हणाले, "गाडीतून या रस्त्याने किती वेळा गेलो असेन. मला तो सपाटच वाटायचा. सायकलवर बसलो तेव्हा कळलं, रस्ता म्हणजे काय!" हा अनुभव जवळजवळ सगळ्यांनीच सांगितला. सुकत घातलेल्या मासळीचा वास, माघात आंब्याला आलेला मोहोर, दारात उभं राहून हात करणारी मुलं, हे सगळं गाडीच्या काचेबाहेर राहून जातं.

चढावर नवा माणूस दमतो तो बहुधा घाईमुळे. चढ दिसला की तो जोरात पायडल मारतो आणि अर्ध्यातच त्याची छाती भरून येते. जुने सायकलस्वार सांगतात की चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकावा, श्वास सांभाळून सावकाश चढावं. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे. दोन शब्दही बोलवत नसतील तर वेग कमी करावा. उतरून सायकल ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही. आणि ज्यांना आपल्या महागड्या सायकलीचा फारच अभिमान वाटतो, त्यांनी कोकणातला पाववाला आठवावा. मागे पावांनी भरलेली टोपली, साधी बिनगिअरची सायकल आणि पों-पों वाजणारा भोंगा. तो रविवारीच काय, रोजच चढ चढतो, आणि कधीकधी या मंडळींना मागे टाकून पुढेही जातो!

या गटाचा एक नियम मला फार आवडला. चढ संपल्यावर पुढच्यांनी मागच्यांसाठी थांबायचं, हे तर सगळीकडेच असतं. पण मास्तरांच्या लक्षात एक गोष्ट आली. पुढचे लोक दहा मिनिटं वर बसून पाणी पितात, गप्पा मारतात. सगळ्यात मागचा धापा टाकत पोहोचला की सगळे म्हणतात, "चला, आले एकदाचे!" आणि निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. तीन-चार रविवार असं झालं की तो माणूस यायचंच बंद करतो, आणि आपण म्हणतो, त्याला आवड नाही. तेव्हापासून या गटात ठरलं की शेवटचा माणूस येऊन बसला, पाणी प्यायला आणि त्याने स्वतः "चला" म्हटलं की मगच निघायचं. गट टिकला तो या एका नियमामुळे, असं सगळेच सांगतात.

आखातातून परतलेल्या भाईंना या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा झाला. पन्नाशी उलटलेली, दहा वर्षांपासूनचा मधुमेह, पोट सुटलेलं. पहिल्या रविवारी ते भाट्ये पूल ओलांडून किनाऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच परतले. आज ते आरे-वारेपर्यंत जातात, अर्धा चढ चालत. पण सुरुवात करण्याआधी ते डॉक्टरांना भेटले होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून भाई उपाशीपोटी निघत नाहीत. खिशात साखरेच्या पुड्या असतात आणि हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम सुटला तर काय करायचं, हे बरोबरच्यांना सांगून ठेवलेलं असतं. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. "जरा बसतो, बरं वाटेल" म्हणत वेळ घालवायचा नाही.

आता घराकडे वळू. मास्तरांच्या पत्नींनी एकदा हसत हसत सुनावलं, "तुम्ही तिकडे डोंगर चढता, आणि मी इथे घावण्यांची चळत चढवते. परत आल्यावर भूकही दुप्पट!" सगळे हसले, पण मास्तर विचारात पडले. आठवड्यात सुटीची सकाळ एकच. ती एकाने रस्त्यावर घालवली की दुसऱ्याची स्वयंपाकघरात जाते. चढावर मागच्यासाठी थांबणारी माणसं घरात मात्र सगळ्यांच्या पुढे निघून गेलेली असतात, आणि मागे कोण राहिलं हे वळून बघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. हा सल्ला जेवढा पुरुषांना आहे, तेवढाच बायकांनाही. आणि मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी स्वयंपाकघराचा उंबरा ओळखत नाहीत.

मास्तरांच्या घरात आता पाळी ठरली आहे. एका रविवारी ते गटाबरोबर जातात. दुसऱ्या रविवारी नाश्ता ते आणि मुलगा मिळून करतात, आणि त्यांच्या पत्नी शेजारच्या दोघींबरोबर सायकलवर निघतात. यांतल्या एकीने चाळिशीत सायकल शिकायला सुरुवात केली. शिकण्याची तिची रीत कुणालाही जमेल अशी आहे. सीट इतकी खाली घ्यायची की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. पायडल न मारता, पायांनी ढकलत मोकळ्या मैदानात फिरायचं. तोल सावरायला लागला की मगच पायडलवर पाय ठेवायचे. मागून कुणी सीट धरून पळायची गरजच पडत नाही. कपड्यांचा प्रश्न बहुतेक भगिनी आधी विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. पुढचा दांडा खाली असलेली लेडीज सायकल घ्यावी. तिला चेनवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असावी. दुपट्टा मागे मोकळा न सोडता नीट बांधावा आणि बुरख्याचा घेर सीटखाली आवरून घ्यावा.

"लोक काय म्हणतील?" हा प्रश्न मात्र जाळी लावून सुटत नाही. त्यासाठी तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची हकीकत सांगावीशी वाटते. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचाही त्या मोहिमेत समावेश केला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशा हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारांहून अधिक सायकलस्वार स्त्रियांनी शहरातून फेरी काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. सायकल चालवू लागलेल्यांत मुस्लिम स्त्रियाही होत्या, आणि सुरुवातीला त्यांना टोमणेही ऐकावे लागले. पण सायकल आल्यावर बसची वाट पाहण्यात जाणारे तास वाचले, आठवड्याच्या बाजारापर्यंत माल नेता आला, पाणी आणता आलं. हळूहळू टोमणे मागे पडले.

आपल्याकडे मुलींचं काय होतं, तेही पाहू. पाचवी-सहावीत आपण हौसेने मुलीला सायकल घेऊन देतो. ती शाळेत जाते, दुकानातून दूध आणते. मग ती आठवी-नववीत जाते आणि एक दिवस सायकल पडवीत उभी राहते. कुणी मनाई केलेली नसते. फक्त "आता मोठी झालीस" एवढं कुणीतरी म्हटलेलं असतं. भावाची सायकल त्याच वयात मोठी होते, तिला गिअर येतात! बँकेतल्या गृहस्थांच्या मुलीने एका रविवारी विचारलं, "अब्बा, तुम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केली, मग मी चौदाव्या वर्षी बंद का करायची?" अब्बांकडे उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारपासून ती वडिलांबरोबर निघते. रस्त्याच्या सुरक्षेची काळजी असेल तर ती रास्तच आहे. त्यावर उपाय म्हणजे बरोबर जाणं, वाहतुकीचे नियम शिकवणं आणि गर्दी नसलेली वेळ निवडणं. सायकलला कुलूप घालून रस्ते सुरक्षित होत नाहीत.

निघण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. टायरमध्ये हवा किती भरायची, ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. सीटची उंची अशी ठेवावी की सगळ्यात खाली गेलेल्या पायडलवर टाच टेकली असता पाय सरळ होईल. गुडघे दुखतात त्याचं कारण बहुतेक वेळा फार खाली घेतलेली सीट हे असतं. नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र तोल जमेपर्यंत ती खालीच ठेवावी. हेल्मेट कपाळ झाकेल असं सरळ घालावं आणि पट्टा बांधावा. पहाटे निघणार असाल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. गाड्यांच्या रस्त्यावर एकामागे एक चालवावं, कानात गाणी नकोत. उतारावर फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. म्हणून दोन्ही ब्रेक मिळून, थोडे थोडे दाबावेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडा आणि रस्त्यावर आलेला लाल चिखल टाळावा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, हे लक्षात ठेवून वेग आधीच कमी करावा. जवळ पाणी, हवेचा छोटा पंप, एक जादा ट्यूब आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी.

रविवारी दोन तास फिरलात आणि आठवड्यात दोन-तीनदा बाजारहाट सायकलवर केलात, तर १५० मिनिटं सहज भरतात. त्यासाठी महागडी सायकल लागत नाही. पडवीत धूळ खात पडलेल्या सायकलीला हवा मारा, चेनला तेल द्या, ब्रेकचे रबर बदला. पहिल्या रविवारी पाच किलोमीटर पुरेत. फक्त निघताना घरात एकदा विचारा, "आज कोण येतंय बरोबर?" आणि जी व्यक्ती "मला नाही जमणार" म्हणेल, तिच्यासाठी थोडं थांबा. तिने पाणी प्यावं, दम घ्यावा आणि तिने स्वतः "चला" म्हणावं. मग निघा.