लुकलुकणारी बचत

ओमानला आलेला मराठी माणूस एकेकाळी गाडीचं ‘ॲव्हरेज’ विसरूनच गेला होता. पुण्यात पंपाच्या आकड्यांवर डोळे रोखून उभा राहणारा गृहस्थ इथे नुसतं ‘फुल’ म्हणून मोकळा व्हायचा. 2016च्या जानेवारीत सरकारने इंधनाचं अनुदान काढलं, सुपर पेट्रोल लिटरला 120 बैशांवरून (हजार बैशांचा एक रियाल) 160वर गेलं आणि जुनी सवय परतली. पुढे 2021च्या अखेरीस दरांना कमाल मर्यादा घातली गेली, 91 नंबरचं पेट्रोल लिटरला 229 बैशांवर थांबलं. पण घर बरक्यात आणि नोकरी मस्कतच्या रुवीत असली की रोजचे दीडशे किलोमीटर ठरलेले. भाडं कमी म्हणून बरक्यात राहायचं आणि वाचलेले रियाल टाकीत ओतायचे, असा आमचा संसार.

पेट्रोल वाचवणाऱ्या डब्या विकणाऱ्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं. आमच्या शेजारच्या काकांनी पाच रियाल मोजून एक मागवली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात ती खुपसायची. 240 किलोमीटरांत ती म्हणे तुमची गाडी चालवण्याची ढब शिकते आणि मग 35 टक्क्यांपर्यंत पेट्रोल वाचवते. “अरे, फरक पडलाय,” काका ठामपणे म्हणाले. एका शुक्रवारी आम्ही ती स्क्रू ड्रायव्हरने उघडली.

त्या सॉकेटात 16 पिना असतात. सोळावी बॅटरीची, चौथी-पाचवी अर्थिंगची. इंजिनाच्या संगणकाशी बोलायचं तर आजच्या बहुतेक गाड्यांत सहावी आणि चौदावी लागते. या डबीत त्या दोन्ही पिना कशालाच जोडलेल्या नव्हत्या. आत नखाएवढी चिप आणि तीन एलईडी. वीज घ्यायची आणि लुकलुकायचं, एवढंच काम.

“काका, हिला कानच नाहीत. शिकणार कशी?”

पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, हवेला भोवरा देणारे पंखे, टाकीत टाकायच्या गोळ्या, सगळ्यांचा दावा एकच: इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही, आम्ही ते जाळून दाखवतो. वास्तविक, धड असलेल्या इंजिनात ते जवळजवळ सगळंच जळतं. धुराच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सतत पाहणी करतो आणि संगणक हवा-पेट्रोलचं प्रमाण वजनाने 14.7 ला 1च्या आसपास राखतो. खरं नुकसान उष्णतेचं. जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा रेडिएटर आणि धुरावाटे निघून जाते, तिला चुंबक काय अडवणार?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली. थोडाफार फायदा दिसला तो मोजक्यांत. त्यातलं एक काय करायचं? ॲक्सिलरेटर दाबला की एसी बंद! बरक्यात जूनमध्ये हे लावून बघावं. पेट्रोलच्या चमत्काराचे दावे भारतातही झाले: 1996 साली तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल केल्याचा दावा केला, तेव्हा भली भली माणसं भुलली होती. 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

मग काकांचा फरक खोटा होता का? नव्हता. डबी आल्यापासून ते टाकी फुल करून किलोमीटर लिहू लागले होते, टायरमधली हवा बघू लागले होते आणि हायवेवर 120 ऐवजी 100ने जात होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; 100च्या तुलनेत 120ला तो 44 टक्के जास्त. काटकसर काकांच्या पायाने केली, शाबासकी डबीला मिळाली. अशा डब्यांची खोटी कीर्ती बरीचशी प्रामाणिक गिऱ्हाइकांच्याच तोंडून पसरते.

हे सगळं ऐकून काकांनी डबी बंद केली आणि पुन्हा सॉकेटात बसवली. “राहू दे रे. दिवा दिसला की पाय हलका होतो.”

होत असेलही. पण त्या पाच रियालांत 91चं एकवीस लिटर पेट्रोल आलं असतं. आणि किलोमीटर लिहायला जी वही लागते, ती शंभर बैशांच्या दुकानात मिळते.