सावड : खाचरातली आणि विमानातली

तुमच्यापैकी जे जव्हार किंवा मोखाडा तालुक्यात राहतात, त्यांना आवणीचे दिवस कसे असतात ते सांगायला नको. खाचरात पाणी साठते, चिखलणी होते आणि रोपे उपटून लावण्याची एकच घाई उडते. रोप तीनएक आठवड्यांचे झाले की लावायलाच हवे. ते फार दिवस तसेच राहिले तर पुढे त्याला फुटवे कमी येतात. घरात माणसे दोन आणि काम दहा जणांचे! मग शेजारची चार घरे मदतीला येतात. आज तुमच्या खाचरात, उद्या त्यांच्या. पैसे कोणी मागत नाही. याला सावड म्हणतात. गावोगाव नाव निराळे असेल, पण रीत तीच.

आता एक हिशेब करा. समजा, घरे पाच आहेत, प्रत्येक घरात काम करणारी दोन माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या खाचराला दहा माणसांचे एक दिवसाचे काम आहे. प्रत्येकाने आपापले केले तर प्रत्येक घराला पाच दिवस लागतील. सावडीने केले तरी प्रत्येकाला पाच दिवसच राबावे लागेल. म्हणजे कोणाचाही एक दिवससुद्धा वाचला नाही! मग फायदा कसला?

फायदा वेळेचा. उतारावरच्या गावात खालच्या खाचरात पाणी आधी साठते, वरच्या खाचरात उशिरा. ज्याचे खाचर आज तयार झाले, त्याला आजच वीस हात मिळतात. सर्वांची गरज एकाच दिवशी येत नाही, यावरच सावड चालते. सगळी खाचरे एकाच सकाळी तयार होऊ लागली तर सावड त्याच दिवशी मोडेल.

हीच रीत एका अगदी निराळ्या धंद्यात आहे, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक घडीची जादा खुर्ची असते. तिला जंपसीट म्हणतात. ती मुळात तपासनिसासाठी किंवा शिकाऊ माणसासाठी ठेवलेली असते, पण बऱ्याचदा रिकामीच जाते. अमेरिकेत अनेक वैमानिक राहतात एका शहरात आणि त्यांचे काम सुरू होते दुसऱ्याच शहरातून. तेथवर जायचे कसे? म्हणून विमान कंपन्यांनी आपसांत करार केले आहेत. तुमचा वैमानिक आमच्या विमानातून फुकट येईल, आमचा तुमच्या. प्रवाशांच्या भागात जागा शिल्लक असेल तर तेथे, नसेल तर जंपसीटवर. मालवाहू विमानांच्या कंपन्याही यात आहेत. मात्र पाहुण्याने आधी कॅप्टनची परवानगी मागायची. कॅप्टन नाही म्हणाला तर तो शब्द अखेरचा.

रिकामी खुर्ची साठवून ठेवता येत नाही. विमानाने जमीन सोडली की तिची किंमत शून्य. देणाऱ्याचे नुकसान थोड्याशा इंधनाचे, घेणाऱ्याचा वाचतो नोकरीचा दिवस. देणाऱ्याला थोडे पडते आणि घेणाऱ्याला पुष्कळ मिळते, तेथे अशी देवघेव जमते.

पण घेऊन परत न देणाऱ्याचे काय? १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोन खेळाडूंनी दर डावात सहकार्य करायचे की फसवायचे ते ठरवायचे, आणि त्याच दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडायची. तज्ज्ञांनी लांबलचक आणि धूर्त कार्यक्रम पाठवले. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत छोटा कार्यक्रम. पहिल्या डावात सहकार्य करा, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केले तेच करा, एवढेच त्यात होते. समोरचा सुधारला की हा कार्यक्रम लगेच मागचे विसरतो.

माणूस एवढ्या लवकर विसरत नाही. १९८३ साली अमेरिकेतील कॉन्टिनेंटल कंपनीच्या वैमानिकांनी संप केला. संप मोडून कामावर गेलेल्यांना इतर कंपन्यांचे कॅप्टन पुढे कित्येक वर्षे जंपसीट नाकारत होते. राग धरण्यात आपण संगणकाला केव्हाच मागे टाकले आहे!

दुसरी अडचण ओळखीची. पाड्यावर सगळे एकमेकांना ओळखतात; हजारो वैमानिकांत ते कसे जमावे? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर परक्या कंपनीच्या वैमानिकाला कॉकपिटमध्ये बसवणे बंद झाले. पुढे त्याचे छायाचित्र आणि नोकरी संगणकावरून पडताळण्याची सोय झाली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. पण ओळखपत्र खरे असले म्हणून मन कोणी तपासलेले नसते. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी होरायझन कंपनीच्या विमानात जंपसीटवर अलास्का या भगिनी कंपनीचा वैमानिक होता. त्याने उडत्या विमानाची इंजिने बंद करणारे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. इतरांनी त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरले. एवढे होऊनही जंपसीटची प्रथा कोणी मोडीत काढली नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

सावड ही मागासलेपणाची खूण आहे, रोख मजुरी आली की ती जाणारच, असे मी शिकलेल्या माणसांकडून ऐकतो. मला ते पटत नाही. अत्याधुनिक विमाने चालवणारे लोक जी रीत लेखी करार करून जपतात, ती मागासलेली कशी? मात्र सावडीचे गोडवे गाणाऱ्यांनाही मला एक विचारायचे आहे. ज्या घरात परत द्यायला हातच नाहीत, त्याचे काय? नवरा गेलेली बाई, आजारी म्हातारा, किंवा ज्यांची तरणी मुले दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेली आणि आवणीपर्यंत परतलीच नाहीत असे घर? दिवसाला दिवस अशी काटेकोर परतफेड मागितली तर हीच घरे आधी बाहेर पडतील.

येथे वैमानिकांचा करार पाहण्यासारखा आहे. मोठ्या कंपनीची विमाने शेकड्यांनी, छोटीची मोजकीच. खुर्चीला खुर्ची असा हिशेब केला तर छोट्या कंपनीला कोणी जवळही करणार नाही. म्हणून तेथे खुर्च्या मोजत नाहीत. प्रत्येकाने आपल्याजवळ असेल तेवढे दार उघडे ठेवायचे.

तुमच्या पाड्यावर मोजतात की नाही, हे तुम्हीच शोधा. येत्या आवणीला एक वही करा. कोणत्या घरातून कोणत्या खाचरात किती माणसे किती दिवस गेली, ते रोज संध्याकाळी लिहा. माणसांची नावे नकोत, घराला क्रमांक द्या. मोसम संपल्यावर प्रत्येक घराचे दिलेले आणि घेतलेले दिवस शेजारी शेजारी मांडा. ज्यांचे घेतलेले जास्त आहेत, त्यांच्याकडे कोण गेले आणि का गेले, ते विचारा. शिक्षकांनी ही वही शाळेत जपून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना तुलनेला लागेल.