निर्मनुष्य कोणाला म्हणावे?

'तिथे आहे तरी कोण? नुसते बर्फच ना?' ध्रुवीय प्रदेशातील नैसर्गिक वायूचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींकडून हे उद्गार हमखास ऐकू येतात. आम्हांस तर हा प्रश्न वाटतच नाही, परवाना वाटतो. भूमी एकदा ओसाड ठरवली की तिच्या उदरात विहिरी खणण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही.

रशियाच्या उत्तरेस यामाल नावाचे द्वीपकल्प आहे. नेनेत्स लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'भूमीचा शेवट'. हे नाव ठेवणारे कोणीतरी तेथे होते, एवढे तरी ध्यानी घ्यावे! आजही त्यांतील अनेक कुटुंबे रेनडिअरचे कळप आणि कातड्याचे तंबू घेऊन ऋतुमानाप्रमाणे शेकडो किलोमीटर फिरतात. त्यांच्याच वाटेवर बोवानेन्कोवो येथे १९७१ साली प्रचंड वायुसाठा सापडला. २०१२ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. २०१७ च्या डिसेंबरात सबेत्ता बंदरातून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले.

तेथील जमीन शेकडो मीटर खोलवर बारमाही गोठलेली असते. खोलातून वर येणारा वायू मात्र उबदार. त्या उबेने विहिरीभोवतीची माती वितळते, खचते आणि नळाचा आधारच सुटू लागतो. म्हणून नळांना उष्णतारोधक आवरण घालतात, इमारती खांबांवर उभारतात, आणि जमिनीतील उष्णता ओढून हिवाळ्यातील हवेत सोडणाऱ्या नळ्या पायाशी पुरतात. उणे चाळीस अंशांच्या मुलखात जमीन थंड राखण्यासाठी उपकरणे! अभियंत्यांच्या कौशल्याविषयी आम्हांस आदर आहे. पण जो वायू जाळल्याने हवा तापते, तोच काढण्यासाठी वितळत्या जमिनीला गोठवीत बसावे, यास शहाणपण कसे म्हणावे?

'वायू हे स्वच्छ इंधन आहे,' असे उत्तर येते. ते अर्धे खरे आहे. वीजनिर्मितीत कोळशाच्या मानाने त्यातून सुमारे निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि धुराविना स्वयंपाकाचे सुख आमच्या घरांनीही अनुभवले आहे. परंतु न जळता निसटलेला हाच मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. ही गळती स्वच्छतेच्या जाहिरातीत आम्ही कधी पाहिली नाही.

तापमानवाढीचा हिशेब यामालमध्ये केव्हाच सुरू झाला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे बर्फावर पाऊस पडला व त्याचा कठीण थर झाला. खालचे खाद्य उकरता न आल्याने सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. २०१६ च्या असह्य उन्हाळ्यात काळपुळीची साथ उसळली, दोन हजारांहून अधिक जनावरे गेली, बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. गोठलेल्या जमिनीतील जुने जंतू मोकळे झाले, असे मानले जाते. रेनडिअरना लस देणे २००७ मध्ये बंद केले होते, हेही सांगितले पाहिजे. सारा दोष विहिरींच्या माथी मारण्याची आमची इच्छा नाही. पण गळतीचे चोख माप आणि तेथील गुराख्यांची मोकळी संमती, या दोन गोष्टी हाती येईतो त्या भूमीत एकही नवी विहीर नको, हे आम्ही आग्रहाने म्हणतो.

बोवानेन्कोवोचे रस्ते ओलांडताना घसरगाड्यांचे लाकूड खडीवर झिजू नये म्हणून रस्त्यावर कापड अंथरतात आणि कळप जाईपर्यंत मालमोटारी थांबवून धरतात. निर्मनुष्य मुलखात हे कापड कोणासाठी अंथरले जाते?